घरघर नेहमी छातीतलीच असते का?

बाळाच्या श्वासाचा आवाज येऊ लागला की डॉक्टरांच्या आधी घरातच निदान होतं: छाती भरलीय. मग ओव्याचा शेक, मशीनची वाफ, अँटिबायोटिक. बहुतेकदा सर्दीच असते आणि चार-आठ दिवसांत निभतं. पण आवाज आठवडेच्या आठवडे जात नसेल, तर तो श्वास आत घेताना येतो की सोडताना, हे नीट ऐकायला हवं. दम्यात छातीतल्या बारीक नळ्या आवळतात आणि शिटी मुख्यतः श्वास सोडताना वाजते. आत ओढताना कर्कश आवाज येत असेल, तर अडथळा बहुधा वर, घशात किंवा स्वरयंत्रापाशी असतो. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर बाळ नेमकं शांत झोपतं.

तान्ह्या बाळात अशा आवाजाचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे लॅरिंगोमलेशिया, स्वरयंत्राचा मऊपणा. तो बहुतेकांत दीड-दोन वर्षांत आपोआप जातो. म्हणूनच ‘मोठं झालं की जाईल’ हा दिलासा सरसकट दिला जातो आणि तिथे फसगत होते. जिभेच्या मुळाशी झालेली पाण्याची गाठही हुबेहूब तसाच आवाज करते; कधी दोन्ही एकाच बाळात असतात. दूध पिता पिता धाप लागणं, वजन न वाढणं, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडणं ही लक्षणं दिसली तर वाट पाहू नये. बाळ निळं पडलं किंवा श्वास थांबला, तर तडक हॉस्पिटल गाठावं.

स्वरयंत्राच्या खाली होणाऱ्या गाठींची गोष्ट वेगळी. त्या मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या, काचेच्या पेटीत असताना घशात नळी घालावी लागलेल्या बाळांत दिसतात. नळीच्या घासण्याने अस्तराला इजा होते, श्लेष्मग्रंथींची तोंडं बुजतात आणि आत द्रव साठतो. यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही. त्या नळीनेच बाळ वाचलेलं असतं. त्रास मात्र कित्येकदा घरी आल्यावर काही महिन्यांनी सुरू होतो, आणि तोवर नळीची आठवण मागे पडलेली असते. मग ‘बालदमा’ म्हणून वाफेवर वाफ. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी घशात नळी घातली होती, हे पालकांनी आपणहून सांगावं. नवजात बाळाची स्वरयंत्राखालची श्वासाची वाट जेमतेम ४-५ मिलिमीटर रुंद असते. ४ मिलिमीटरच्या वाटेचं अस्तर चहूबाजूंनी १ मिलिमीटर सुजलं, तर हवेला एक चतुर्थांश जागा उरते.

छातीचा एक्स-रे ‘क्लिअर’ आला म्हणजे गाठ नाही, असंही नव्हे. प्रत्यक्ष पाहावंच लागतं. नाकातून घालायच्या बारीक, लवचीक दुर्बिणीची तपासणी ओपीडीत, पूर्ण भूल न देता, मिनिट-दोन मिनिटांत होते. बाळ रडतं, पण हे दिसतं तितकं भयंकर नाही. स्वरतंतूंच्या खालचा भाग नीट पाहायला मात्र ऑपरेशन थिएटरात भूल देऊन दुर्बीण घालावी लागते. जिभेच्या मुळाशी गाठ दिसली, तर काढण्याआधी मानेची सोनोग्राफी करून थायरॉईड जागेवर आहे ना, हे बघतात. क्वचित ती ‘गाठ’ म्हणजेच बाळाची एकुलती एक थायरॉईड ग्रंथी निघते.

‘गाठ’ म्हटलं की कॅन्सर आठवतो. या पाण्याच्या गाठी कॅन्सरच्या नसतात. मग सुईने पाणी काढून भागेल का? तातडीने श्वास मोकळा करायला कधी तेही करतात, पण पिशवी तशीच राहिल्याने ती पुन्हा भरते. म्हणून दुर्बिणीतूनच, बाहेरून टाका न घालता, गाठ काढतात किंवा तिचं छत कापून ती उघडी करतात. खरी कसरत भूलतज्ज्ञाची असते, कारण अडथळा नेमका श्वासाच्या वाटेत असतो. लहान मुलांची भूल सांभाळणारं, नवजात अतिदक्षता विभाग असलेलं हॉस्पिटल त्यासाठीच निवडावं. स्वरयंत्राखालच्या गाठी पुन्हा होऊ शकतात. काही आठवड्यांनी परत दुर्बीण घालायला सांगितलं, तर पहिलं ऑपरेशन फसलं असं समजून तारीख चुकवू नये.