चंद्रापर्यंत जाणारं बेअरिंग

जुलैमधले शेवटचे लागोपाठ येणारे बुधवार आणि गुरुवार. फ्लोरिडात शेवंडांचा मुख्य हंगाम 6 ऑगस्टला सुरू होतो, पण त्याआधी हे दोन दिवस फक्त हौशी मंडळींसाठी राखून ठेवलेले असतात. तिथला शेवंड म्हणजे आपल्या कोकणातल्या शेवंडाचाच भाऊबंद. त्याच्यापायी मायामीहून की वेस्टकडे जाणारा रस्ता बोटींनी भरून जातो. पाण्यातल्या नव्हे, ट्रेलरवर बांधून गाड्यांच्या मागे ओढत नेलेल्या बोटींनी. अंतर सुमारे 260 किलोमीटर, वाटेत 42 पूल, त्यांतला सेव्हन माइल ब्रिज एकटाच जवळपास 11 किलोमीटरचा. दोन्हीकडे समुद्र आणि बंद पडलेला ट्रेलर घेऊन उभं राहायला जागा तुटपुंजी.

अमेरिकेत नोंदणी झालेल्या हौशी बोटी 2022 साली सुमारे 1 कोटी 18 लाख होत्या. बहुतांश 26 फुटांच्या आतल्या, म्हणजे ट्रेलरवर मावणाऱ्या. निम्म्यांच्याच वाट्याला ट्रेलर आला असं धरा. लहानात लहान ट्रेलरलाही दोन चाकं आणि प्रत्येक चाकाच्या हबमध्ये दोन बेअरिंगं असतात, म्हणजे झाली 2 कोटी 36 लाख बेअरिंगं. ती सगळी वर्षातून अनेकदा मुद्दाम पाण्यात बुडवली जातात. चारचाकीचं बेअरिंग पाण्यात बुडवलं तर मालक आधी देवाचा आणि मग विमा कंपनीचा धावा करेल. इथे तेच रोजचं काम.

आता एका चाकाचा हिशेब. 13 इंची रिमवरचा नेहमीचा ट्रेलर टायर एका फेरीत 1.92 मीटर जातो. मायामी ते की वेस्ट म्हणजे त्याच्या 1 लाख 35 हजार फेऱ्या. छोट्या ट्रेलरची 8 इंची रिमची चाकं घेतली तर तोच आकडा 1 लाख 97 हजारांवर जातो, आणि हायवेवर ताशी 105 किलोमीटरला ते चिमुकलं चाक मिनिटाला 1,300 हून जास्त वेळा फिरतं.

हा मार ज्याच्यावर पडतो ते टेपर रोलर बेअरिंग मूळ बग्ग्यांसाठी घडलं. सेंट लुईसचा बग्गी बनवणारा हेन्री टिमकेन याने 1898 साली त्याचं पेटंट घेतलं. घडण आजही तीच: निमुळत्या रोलरांचं कडं आतल्या कोनवर फिरतं आणि बाहेरच्या कपात बसतं. 3,500 पौंडी ॲक्सलच्या एका चाकावर जवळपास 800 किलो येतात आणि ते तोलणाऱ्या स्पिंडलची जाडी आतल्या बेअरिंगपाशी जेमतेम 35 मिलिमीटर. रोलर आणि कप जिथे टेकतात ती पट्टी इतकी अरुंद की तिथला दाब 1 गिगापास्कलच्या घरात जातो, म्हणजे सुमारे 10,000 वातावरणं. मारियाना गर्तेच्या तळाशी पाण्याचा दाब असतो 1,100 वातावरणांच्या आसपास. समुद्राच्या सगळ्यात खोल जागेच्या नऊपट दाब, तोही अशा बोटीच्या चाकात जी गुडघाभर पाण्यातही तरंगते! या दाबाखाली पोलादाला पोलाद न लागू देणारा ग्रीसमधल्या तेलाचा थर एका मायक्रॉनचा किंवा त्याहूनही पातळ असतो.

आणि तरीही बेअरिंग टिकतं. किती, याचं जगभर वापरलं जाणारं सूत्र आहे: बेअरिंगची क्षमता भागिले भार, त्याचा 10/3 घात, इतक्या दशलक्ष फेऱ्या. शंभरातली नव्वद बेअरिंगं तेवढं आयुष्य गाठतात. भार क्षमतेच्या एक-पंचमांश असेल तर उत्तर येतं 21 कोटी 37 लाख फेऱ्या. आपल्या 13 इंची चाकाला हे म्हणजे सुमारे 4 लाख 10 हजार किलोमीटर. चंद्र सरासरी 3 लाख 84 हजारांवर आहे, म्हणजे त्याला गाठून पुढे जाईल. तोच भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होईल असं वाटतं, पण होतं एक-दशांश: 41 हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीभोवती एक फेरी आणि वर थोडं. बोटीत 300 लिटर पेट्रोल भरलं की 220 किलो वाढतात. वर बर्फाच्या पेट्या, नांगर, ऑक्सिजनच्या टाक्या म्हणून ओळखली जाणारी पण साधी हवाच भरलेली पाणबुड्यांची नळकांडी. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणताना हा 10/3 घात कुणाच्या मनात नसतो.

पण खरं सांगायचं तर बोट ट्रेलरचं बेअरिंग भाराने क्वचितच मरतं. ट्रेलर वर्षाला 2,000 किलोमीटर फिरला असं धरलं तर चंद्राचं अंतर कापायला त्याला दोनशे वर्षं लागतील. प्रत्यक्षात निष्काळजी मालकाकडे ते दोन-तीन उन्हाळ्यांत बसतं, आणि बसतं ते रस्त्यामुळे नाही, तर बोट पाण्यात सोडतानाच्या दोन-तीन मिनिटांमुळे.

हायवेवरून आलेला हब 70 अंशांवर आहे असं समजा. तापून फुगलेली थोडी हवा ऑइल सीलच्या ओठाखालून वाटेतच निसटलेली असते. पाण्यात उतरणाऱ्या रॅम्पवर ट्रेलर मागे घेतला की हाच हब 30 अंशांच्या समुद्रात जातो. आत उरलेली हवा थंड होते आणि तिचा दाब जवळपास 12 टक्क्यांनी उतरतो. ऐकायला किरकोळ, पण ही ओढ 1.2 मीटर उंच पाण्याच्या दाबाइतकी आहे. त्यात हब अर्धा मीटर बुडाला त्याचा दाब वेगळा. सीलच्या दृष्टीने चाक जणू 1.7 मीटर खोल उतरलं. वर्षभर चिखल आणि वाळू खाल्लेला रबरी ओठ तिथे हार मानतो आणि हब पाणी पितो.

किती पाणी पुरतं? टिमकेनच्याच कंपनीतल्या संशोधकाने 1977 साली तेलातल्या पाण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. तेलात 100 पीपीएम पाणी असतानाचं आयुष्य एक मानलं तर 400 पीपीएमला ते निम्म्याच्याही खाली येतं. 100 ग्रॅम तेलात 400 पीपीएम म्हणजे 0.04 ग्रॅम पाणी. एक थेंब साधारण 0.05 ग्रॅमचा. प्रयोग तेलावरचे होते आणि हबमध्ये ग्रीस असतं, हे खरं. पण हबमध्ये थेंब नाही, चमचाभर पाणी शिरतं आणि तेही लिटरमागे 35 ग्रॅम मीठ असलेलं.

त्यानंतरचं काम ट्रेलर घरासमोर उभा असताना होतं. महिनाभर चाक हलत नाही. रोलर जिथे टेकलेले असतात तिथेच ओल धरून राहते आणि कपाच्या चकचकीत पृष्ठभागावर रोलरांमधल्या अंतराइतक्याच अंतरावर करड्या रेषा उमटतात. हब उघडला की आधी दुधाळ झालेलं ग्रीस दिसतं. ते रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर या रेषा नखाला लागतात. एका रेषेवरून हायवेच्या वेगाला सेकंदाला शंभरेक रोलर जातात आणि प्रत्येक जण एक ठोका देतो. की वेस्टपर्यंत साडेआठ लाखांवर ठोके. चाकातून येणारी ती घरघर हीच. दुर्लक्ष केलं तर खड्डे पडतात, रोलर तापतात आणि 300 अंशांच्या आसपास पोलाद निळं पडतं. निळा रोलर दिसला की चर्चा संपली. पूर्ण सेट बदलायचा, कपासकट.

यावरचा सगळ्यात प्रसिद्ध उपाय ‘बेअरिंग बडी’ नावाची, हबच्या तोंडाशी बसणारी स्प्रिंगवाली टोपी. ती आतल्या ग्रीसवर कायम सुमारे 3 पीएसआय दाब ठेवते. गाडीच्या टायरला आपण तीसेक भरतो, त्यापुढे 3 म्हणजे फुंकरच. पण 3 पीएसआय म्हणजे सुमारे 2.1 मीटर पाणी, आणि आपली ओढ होती 1.7 मीटरची. बस्स, एवढ्या फरकावर सगळं तोललेलं आहे. गंमत अशी की या टोपीत ग्रीस भरायला जी हातगन वापरतात ती 10,000 पीएसआयपर्यंत दाब देऊ शकते. उत्साही मालक ‘असू दे, जरा जास्त’ म्हणत आणखी चार दट्टे मारतो, मागचं सील उलटं फिरतं आणि ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या लायनरवर जाऊन बसतं.

ब्रेकची कथा वेगळीच. बुडणाऱ्या चाकांत विजेच्या तारा कुणाला नको असतात, म्हणून बोट ट्रेलरला बहुधा सर्ज ब्रेक असतात: गाडी थांबली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या धक्क्यानेच जोडणीतला मास्टर सिलिंडर दाबला जातो. 3,500 किलोचा ट्रेलर ताशी 105 वरून स्वतःच्या ब्रेकवर थांबला तर सुमारे 15 लाख ज्यूल उष्णता होते. चार डिस्क मिळून 16 किलो लोखंड धरलं तर एका थांबण्यात तापमान 200 अंशांनी चढतं. डॉट 3 ब्रेक ऑइल नवं असताना 205 अंशांना उकळतं, पण हवेतली ओल ओढून त्यात 3.7 टक्के पाणी झालं की 140 पुरतात. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते. रॅम्पवर तर हे ब्रेक कामालाच येत नाहीत, कारण तिथे ट्रेलर गाडीला ढकलत नाही, मागे ओढतो. 15 टक्के उतारावर हाच ट्रेलर 520 किलोच्या जोराने पाण्याकडे खेचतो आणि सगळा भरवसा गाडीच्या ब्रेकवर. ओलं शेवाळलेलं काँक्रीट आणि हा आकडा एकत्र आले की गाड्या पाण्यात का जातात ते कळतं.

हब स्पिंडलवर धरून ठेवणारा नट आवळण्यातही हातचलाखी आहे. एका नामांकित ॲक्सलची रीत अशी: चाक फिरवत 50 फूट-पौंडापर्यंत आवळा, मग चाक न हलवता पूर्ण सैल करा आणि शेवटी फक्त बोटांनी टेकेपर्यंत फिरवा. बेअरिंगला हवा असतो 0.025 ते 0.125 मिलिमीटर प्ले, म्हणजे सैलपणा. इंचाला 14 आट्यांचा नट एक बाजू, म्हणजे एक-षष्ठांश फेरा, फिरला की 0.3 मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक खाच पुढे-मागे झाली की अख्खी मर्यादा ओलांडून दुपटीपलीकडे. मग जॅकवर उचललेलं चाक वर-खाली धरून हलवायचं आणि तो प्ले हातानेच ओळखायचा.

शेवंडांच्या दिवसांत रॅम्पवर तासभर रांग लागते, भोंगे वाजतात, शिव्या ऐकू येतात. त्या रांगेत हब मात्र निवत असतात. जाणकार रांग नसली तरी पंधरा-वीस मिनिटं थांबतात, घरी परतल्यावर गोड्या पाण्याने ब्रेक धुतात आणि बेअरिंगं, ग्रीस, कप सगळं बसवून तयार ठेवलेला एक जादा हब ट्रेलरच्या दांड्यालाच बांधून हिंडतात. पुलावर चाक जाम झालं तर जुना हब उतरवून हा चढवायचा आणि नट अडकवणारी नवी कॉटर पिन घालायची. वर्षाकाठी तो जादा हबही उघडावा लागतो, कारण पडून राहिलेल्या ग्रीसमधलं तेल हळूहळू सुटून खाली उतरतं.