जीर्ण, पाने सुटलेली

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका वाचनालयाची निर्लेखनाची यादी हाती आली. निर्लेखन म्हणजे दाखल रजिस्टरातून पुस्तकाचं नाव कायमचं खोडणं. वाचनालयाचं नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. यादीत बहुतेक गोष्टींची पुस्तकं, आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शेरा: ‘जीर्ण, पाने सुटलेली’. मोकळ्या झालेल्या जागेत स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी टेबलं येणार आहेत. तिथे सव्वीस वर्षं माझी आई ग्रंथपाल होती.

वाचनालय औंधातलं, आणि औंध संस्थानाचा मागोवा म्हटलं की लोक 1939 पासून सुरुवात करतात. राजाने आपण होऊन घटना करून कारभार प्रजेच्या हाती दिला वगैरे. मोठी गोष्ट आहे, पण शाळेत इतक्यांदा ऐकली की अजून जांभई येते. त्याच राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, अख्खं रामायण स्वतःच्या हाताने चितारलं, याचं आईला कौतुक जास्त. “घटना काय, वकील लिहितात. दहा तोंडांचा माणूस काढून दाखवा म्हणावं!” पुढे संस्थान विलीन झालं, 1967 चा ग्रंथालय कायदा आला, अ-ब-क-ड वर्ग आले, अनुदान आलं आणि ते वेळेवर न येणंही आलं. हे सगळं ज्याला हवं त्याने वाचावं.

मला आठवतं ते ऐंशीचं दशक. संध्याकाळी देवघेव संपली की आई स्टोव्हवर कणकेची खळ शिजवायची. झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. मग ‘चांदोबा’चे सहा-सहा अंक एकावर एक रचून गोधडीच्या दाभणाने शिवायची. बाइंडरला द्यायला पैसे नसायचे. शिवता शिवता वाचायची, त्यामुळे एका बांधणीला आठवडा लागे. 1952 पासून मराठीत निघणारा तो अंक मद्रासहून यायचा, पण चित्रकार शंकर यांनी काढलेला, खांद्यावर प्रेत टाकून निघालेला विक्रम आम्हाला इथलाच वाटे. वेशीबाहेर शेंदूर फासलेला वेताळबा होताच. शिवाय ज्या गावाचं नावच औंधासुर राक्षसावरून पडलं असं सांगतात, ज्याला मारणारी यमाई डोंगरावर बसली आहे, त्या गावाला अद्भुताचं वावडं कशाला असेल?

वावडं होतं ते तपासणीला येणाऱ्या साहेबांना. एका वर्षी त्यांनी रजिस्टरवर बोट ठेवलं. “बाई, जी. ए. कुलकर्णींचं हे पुस्तक मोठ्यांच्या कपाटात कसं?” 1986 मध्ये ‘बखर बिम्मची’ आली होती आणि आईने ती ‘रमलखुणा’शेजारी, मोठ्यांच्या कपाटात लावली होती. साहेब म्हणाले, पोरांचं पुस्तक पोरांत ठेवा. आईने हो म्हटलं, आणि ‘रमलखुणा’ही उचलून पोरांच्या कपाटात ठेवलं. त्यातली ‘इस्किलार’ मी तेराव्या वर्षी वाचली ती या भांडणामुळे. कळली नाही. अजूनही पुरती कळते असं छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण कुठल्याच नकाशावर नसलेल्या त्या मुलखात एकदा जाऊन आलं की गाईडं वाचवत नाहीत, एवढं खरं.

आईचे स्वतःचे नियम असत. धारपांच्या भयकथा दिवसाउजेडी वाचायच्या. नाथमाधवांचं ‘वीरधवल’ आजारपणात. अरबी सुरस गोष्टी पावसाळ्यात, कारण तेव्हा वाचक कमी येतात. “या वयात परीकथा?” असं समितीतले एक सभासद हसून विचारायचे. स्वतः ते दर आठवड्याला शेअरबाजाराची पुस्तकं न्यायचे. आई म्हणायची, परीकथा कुठली ते ठरायचं आहे. निवृत्तीनंतर नातीने ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आणून दिलं. तीन दिवसांत संपवून तिचा निकाल: “चांगलंय. पण शाळेचं वेळापत्रक फार.”

आता त्याच खोलीत पोरं पहाटेपासून बसतात. त्यांच्यावर राग नाही. नोकऱ्या नाहीत, ती तरी काय करणार? राग आहे तो ज्यांनी जागा करताना नेमकी तीच कपाटं रिकामी केली त्यांच्यावर. पुस्तक जीर्ण होतं ते कोणीतरी वाचलं म्हणून. पानं न फाडलेले अहवाल अजून दिमाखात उभे आहेत, त्यांचं निर्लेखन कोणी करत नाही.

यादी घेऊन आईकडे गेलो. ती भिंगातून एकेक ओळ पाहत गेली. ‘बखर बिम्मची’वर बोट थांबलं.

“हे जीर्ण झालेलं कोणी पाहिलं?”

“समितीने. तिघांच्या सह्या आहेत.”

ती उठली. तिच्या लुगड्यांच्या कपाटातून खाकी कव्हर घातलेलं पुस्तक काढलं. आत जांभळा शिक्का, तारखांच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख 2003 ची, तिच्याच सभासद क्रमांकावर. एक पान सुटलेलं नव्हतं.

“चार्ज दिला त्या दिवशी नेलं होतं. परत करायचं राहिलं,” ती म्हणाली. मग यादीकडे पाहत, “आता दंड भरायचा कोणाकडे रे?”