मेणाचा डाग आणि मोंढ्यातला कापूस

सेलूहून एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: दिवाळीत मेणाची तयार पणती लवंडली, लाल मेण सुती साडीवर आणि ओसरीच्या शहाबादी फरशीवर सांडलं. साबण झाला, लिंबू झालं, मोबाइलवर आलेला व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्याचा उपायही झाला. डाग आहे तिथेच. आता काय करावं?

ताई, याचं निम्मं उत्तर तुमच्या मोंढ्यात आहे. जिनिंगला निघालेल्या गाडीतून रस्त्यावर सांडलेला कापूस उचला, सरकी काढा आणि पुंजका पेलाभर पाण्यात टाका. तो तरंगत राहील. शेजारच्या पेल्यात मेडिकलमधला कापूस टाका, तो काही सेकंदांत तळ गाठेल. दोन्ही कापूसच, मग फरक कसला? शेतातल्या कापसाच्या प्रत्येक तंतूवर निसर्गानेच मेणाचा पातळ थर दिलेला असतो. शंभर किलो रुईत हे मेण अर्धा किलोच्या आसपास भरतं. सूत कातताना ते वंगणासारखं कामी येतं, पण रंगाऱ्याला ते अजिबात चालत नाही, कारण कापड पाणीच पीत नाही. म्हणून गिरणीत ते कॉस्टिक सोड्यात उकळून काढतात. दवाखान्यातल्या कापसाचीही हीच कथा. म्हणजे तुमची साडी साडी होण्याआधीच एकदा मेण काढून घेऊन आलेली आहे!

आता गंमत पाहा. पाण्याला नाकारणारा तोच कच्चा कापूस तेल-तूप मात्र आनंदाने ओढून घेतो, म्हणून त्याची वात इतकी छान जळते. तंतूंमधल्या बारीक फटींतून पातळ स्निग्ध पदार्थ आपोआप चढत जातो. पणती लवंडली तेव्हा साडीने नेमकं वातीचंच काम केलं: गरम मेण धाग्याधाग्यांत ओढून घेतलं. ते तिथेच थिजलं, आणि थिजलेल्या मेणाला साबण काय करणार? साबणाला ते सुटं करायचं तर आधी ते वितळायला हवं.

तेव्हा वातीला दुसरी वात लावायची. आधी मेण पूर्ण कडक होऊ द्या, वरून बर्फ फिरवला तर ते ठिसूळ होतं. जाड थर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून काढा. मग कापडाच्या खाली-वर कोरा, शोषणारा कागद ठेवून बेताची गरम, बिनवाफेची इस्त्री फिरवा. मेणबत्तीचं मेण पन्नास-साठ अंशांना वितळतं, त्यामुळे इस्त्री तापवून लाल करण्याची गरज नाही. मेण कागदात चढेल, कागद पारदर्शक दिसू लागेल. लगेच कागद बदला, नाहीतर तेच मेण परत कापडात उतरतं. (हीच पुरवणी वापराल तर लेखाची शाई साडीवर उमटेल. लेखकाला आनंद होईल, तुम्हाला नाही.)

उरतो तो लाल रंग. तो मेणात विरघळलेला असतो, पाण्यात नाही. थोड्या स्पिरिटने तो टिपून पाहा, पण आधी काठाच्या आतल्या बाजूला साडीचाच रंग जात नाही ना, ते बघा. पैठणी असेल तर यातलं काहीही न करता सरळ ड्रायक्लीनरकडे द्या.

ड्रायक्लीनिंग म्हटलं की पॅरिसच्या जोली नावाच्या रंगाऱ्याच्या टेबलक्लॉथवर दिवा कलंडला आणि तो भाग स्वच्छ झाला, ही गोष्ट ठरलेली. गोष्ट गोड आहे, म्हणूनच मला तिचा थोडा संशय येतो. कारण त्याच्याही आधी, ३ मार्च १८२१ रोजी, न्यूयॉर्कच्या थॉमस जेनिंग्ज या शिंप्याने कपडे कोरडे स्वच्छ करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. अमेरिकेत पेटंट मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय मानला जातो. मिळालेला पैसा त्याने गुलामगिरीविरोधी चळवळीत घातला. १८३६मध्ये पेटंट कार्यालयाला आग लागली, त्यात त्याचे कागदही जळाले. त्याची नेमकी कृती त्यांच्याबरोबर गेली, आणि गोष्ट उरली ती जोलीच्या दिव्याची. माझं मत जेनिंग्जला.

आता फरशी. लिंबू आणि व्हिनेगरमधलं आम्ल मेणाला शिवतही नाही, पण शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्याला मात्र ते खातं. डागाभोवती फरशी निस्तेज, खरबरीत झाली असेल तर तो मेणाचा नव्हे, उपायाचा डाग आहे, आणि त्याला पॉलिशवालाच हवा. उरलेलं मेण लाकडी पट्टीने खरवडा. राहिलेल्यावर कागद ठेवून हेअर ड्रायरची गरम हवा द्या. शेवटी चिंधीवर जरासं रॉकेल घेऊन पुसा (जवळपास दिवा जळत नसताना!) आणि मग साबणाच्या पाण्याने धुवा. उकळतं पाणी ओतून मेण मोरीत वाहून नेऊ नका, ते पुढे पाइपात जाऊन पुन्हा थिजतं.