सातबारा ‘ढगात’ ठेवला म्हणजे नेमका कुठे ठेवला?

मागे एका गावी बैठकीला गेलो असता पारावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, “साहेब, समदे कागद आता ढगात ठेवत्यात म्हणं. मग पाऊस पडला की खाली येत्यात का?” सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगायचं तर त्या हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना उत्तर ठाऊक नव्हतं.

आकाशात काहीही ठेवलेलं नसतं. संगणकाच्या जाळ्याचा नकाशा काढताना आतल्या तारा आणि यंत्रं दाखवत न बसता इंजिनिअर मंडळी तिथे ढगाचा आकार काढीत, त्यावरून ‘क्लाऊड’ हे नाव पडलं. प्रत्यक्षात ते असतात जमिनीवरच्या मोठमोठ्या इमारतींमध्ये, गार हवेत रात्रंदिवस चालणारे हजारो संगणक. त्या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. आपल्या नवी मुंबईतही अशी सेंटरं आहेत. वखारीत आपण पोती ठेवतो, पावती घेतो, ठेवली तेवढ्या दिवसांचं भाडं भरतो. इथे पोत्याऐवजी माहिती, आणि पावतीऐवजी आपला पासवर्ड. २००६ साली अमेरिकेच्या अॅमेझॉन कंपनीने अशी जागा आणि संगणक भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि हा धंदा वाढला. भारत सरकारनेही २०१४ मध्ये आपला राष्ट्रीय क्लाऊड सुरू केला. योजनेचं नाव ठेवलं ‘मेघराज’! नाव तरी आपल्या कामाचं आहे.

याचा उपयोग काय, ते मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो. काही वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो तिथला संगणक ऐन जूनमध्ये बसला. माती नमुन्यांच्या नोंदी, ठिबकच्या लाभार्थ्यांच्या याद्या, सगळं त्या एका डबड्यात, दुसरी प्रत कुठेच नाही. दोन शेतकऱ्यांचं अनुदान तेवढ्यासाठी लांबलं. रस्त्यात ते भेटले की मान वर करवत नसे. हाताने लिहिलेली वही होती म्हणून कसंबसं निभावलं. क्लाऊडवर माहितीच्या एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवण्याची सोय असते. एक यंत्र जळालं तरी काम अडत नाही. ग्रामपंचायतीतील बंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावं, कारण बऱ्याच ठिकाणी अजून एकाच संगणकावर गावाचा सगळा संसार असतो.

दुसरा फायदा सुगीतल्या मजुरांसारखा. सोयाबीन काढणीला आपण जास्तीची माणसं लावतो, वर्षभर पोसत नाही. पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी सगळा महाराष्ट्र एकदम अर्ज भरायला बसतो. क्लाऊडवर त्या चार दिवसांपुरते जादा संगणक लावता येतात, नंतर सोडून देता येतात. मग तरी ‘सर्व्हर डाऊन’ का होतं? कारण प्रणालीच नीट बांधलेली नसेल तर दावणीला दहा बैल असून नांगर मोडकाच. हा दोष ढगाचा नव्हे.

आता तुमच्या कामाचं. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. १५ रुपयांत घरबसल्या निघतो, त्यावर १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो आणि सरकारी कामाला तो चालतो. २०१५ पासून डिजिलॉकर आहे. त्यात आधार, वाहन परवाना असे कागद थेट त्या त्या खात्याकडून येतात, म्हणून ते मूळ कागदाइतकेच ग्राह्य धरले जातात. स्वतः फोटो काढून त्यात टाकलेल्या कागदाला मात्र ती किंमत नाही. हा फरक बरेच जण विसरतात.

ई-पीक पाहणी २०२१ साली राज्यभर सुरू झाली. रानात रेंज नसेल तर माहिती आधी फोनमध्येच राहते. रेंजमध्ये येऊन ती अपलोड केली तरच सातबाऱ्यावर पीक चढण्याची वाट मोकळी होते. नुसता फोटो काढून घरी आलात आणि रात्री फोन विहिरीत पडला, तर पाहणी झालीच नाही असं धरा. पुढे हमीभाव खरेदीला किंवा नुकसानभरपाईला अडचण येते.

अजून एक. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, त्यात कागदांचे फोटो ठेवता येतात. पण फोनमध्ये जागा करायची म्हणून त्याच गूगल फोटोजमधून फोटो पुसला, तर वरचाही पुसला जातो. कचरापेटीत तो ६० दिवस राहतो, तेवढ्यात परत काढून घ्यावा. पासवर्ड बँकेच्या पासबुकावर लिहू नये, ओटीपी कोणालाही सांगू नये, मग तो स्वतःला साहेब म्हणवत असला तरी. सेवा केंद्रावर काम झालं की आपलं खातं बंद करूनच उठावं. आणि कागदाची एक फाईल घरच्या ट्रंकेत राहू द्यावी. माझी वही अजून आहे.