नऊ टक्क्यांचा वाद

बँक बुडाली तर ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत ठेव विमा मिळतो. पण विम्यावर पाळी येण्याआधी ठेवीदाराच्या पुढे भागधारक उभा असतो. बँकेने वाटलेल्या १०० रुपयांच्या कर्जांत ९५ ठेवीदारांचे आणि ५ भागधारकांचे असतील, तर बुडणारे पहिले ५ रुपये भागधारकांचे. सहाव्या रुपयापासून ठेवीदाराला झळ लागते. हे ५ रुपये म्हणजे भांडवल. ते तिजोरीत पडून नसते, कर्जदाराकडेच गेलेले असते. म्हणून ‘जास्त भांडवल मागितले की तेवढा पैसा अडकतो’ हे म्हणणे मुळातच चुकते. अडकतो तो रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागणारा रोख राखीव निधी. ही गल्लत जाणत्यांच्या बोलण्यातही डोकावते.

बँकांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या बासेल समितीची भांडवलाची किमान अट जोखीमभारित मालमत्तेच्या (म्हणजे जोखमीनुसार कमी-जास्त भार देऊन मोजलेल्या कर्जांच्या) ८ टक्क्यांची, आपल्याकडे ९ टक्क्यांची, वर वाईट काळासाठी २.५ टक्क्यांचा संवर्धन राखीव. जगापेक्षा आपण कडक कशाला, असा सरकारी बाजूचा सूर २०१८ मध्ये होता. १९ नोव्हेंबरच्या बैठकीत रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाने ९ टक्के कायम ठेवले, राखीवाचा शेवटचा हप्ता मात्र वर्षभर पुढे ढकलला. मला ९ टक्क्यांत कडकपणा दिसत नाही. जोखमीचे भार बाहेरच्या अनुभवावर बेतलेले. आपल्याकडे कर्जे जास्त थकतात आणि वसुली कमी होते. मार्च २०१८ मध्ये बँकांची ढोबळ थकीत कर्जे ११ टक्क्यांच्या वर होती. ती त्या वर्षी बिघडली नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ पासूनच्या मालमत्ता तपासणीने ती कबूल करायला लावली. म्हणजे त्याआधीचे भांडवलाचे आकडेही फुगलेलेच होते.

भांडवल महाग पडते, हा आक्षेप अर्धा खरा. पहिला फटका सोसणारा भागधारक जास्त परतावा मागणारच; पण भांडवल वाढले की दर रुपयामागची जोखीम घटते आणि मागणीही उतरते, हे अर्थतज्ज्ञ मोदिलियानी आणि मिलर यांनी १९५८ मध्येच मांडले. व्याजावर करसवलत मिळते, म्हणून कर्जाऊ पैसा तरीही स्वस्त राहतो. पण त्या स्वस्ताईचा काही भाग सरकारी तिजोरी भरते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारी बँकांसाठी २.११ लाख कोटींची फेरभांडवल योजना जाहीर झाली, ते बिल कोणाच्या नावे फाटले?

खरा टोचणारा आक्षेप पीएमसी या सहकारी बँकेच्या उदाहरणाचा. २०१९ मध्ये ती कोसळली तेव्हा कागदावर तिचे भांडवल १२ टक्क्यांच्या वर होते आणि ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेले होते. लबाडीपुढे कोणतीही टक्केवारी लंगडी पडते, हे मान्य. तपासणीची जागा भांडवल घेत नाही. तरी लपवाछपवीची ओढ येते कुठून? थकीत कर्ज कबूल केले की तरतूद करावी लागते आणि ती भांडवलाला खाते. गाठीशी ५ टक्के असलेल्या बँकेला ती कबुली जिवावर येते, म्हणून जुने कर्ज फेडायला नवे कर्ज दिले जाते. १५ टक्के असतील, तर तोटा मान्य करूनही बँक दुसऱ्या दिवशी शटर उघडू शकते.