धूळ पकडणारं लाल सूत

गाडीत आपण पेट्रोल भरतो आणि त्याचे पैसे मोजतो, म्हणून गाडी पेट्रोलवर चालते असं म्हणतो. वजनाचा हिशेब मांडला तर ती मुख्यतः हवेवर चालते. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. म्हणजे लिटरमागे जवळजवळ ९,००० लिटर हवा. ३५ लिटरची टाकी संपेपर्यंत इंजिनाने तीन लाख लिटरांहून जास्त हवा ओढलेली असते, आणि ती सगळी एकाच फिल्टरमधून गेलेली असते.

हौशी मंडळी कंपनीचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढून तिथे ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवतात, तेव्हा हाच रस्ता बदलतात. रुंद, गुळगुळीत पाइप आणि त्याच्या टोकाला शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर. हा फिल्टर बॉनेटखालच्या धगीपासून दूर, बंपरच्या मागे किंवा चाकाच्या वरच्या पोकळीत असतो. कारण साधं आहे. ३० अंश तापमानाची हवा घनमीटरला साधारण १.१६ किलो भरते आणि ६० अंशांची १.०६ किलो. हवा थंड असली की तेवढ्याच जागेत जास्त ऑक्सिजन मावतो. काढलेल्या डब्यात आवाज गिळणारे कप्पेही असतात. ते गेले की इंजिनाचा श्वास ऐकू येऊ लागतो. बहुतेकांना खरी भुरळ या आवाजाची पडते, आणि त्यात गैर काहीच नाही.

मला मात्र भुरळ पडली ती त्या लाल शंकूची. तो उजेडात धरून पाहा. ॲल्युमिनियमच्या दोन जाळ्यांमध्ये सुती गॉझचे काही थर, आणि सगळ्याला एकसारख्या चुण्या पाडलेल्या. गॉझच्या धाग्यांमधून चक्क उजेड आरपार दिसतो. इंजिनाला घातक असलेली धूळ १०-२० मायक्रॉनची, मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाची. भोकं त्याहून कितीतरी मोठी. मग धूळ अडते कशी?

ती अडते, कारण फिल्टर ही चाळण नव्हेच. हवा धाग्याजवळ आली की वळसा घालून पुढे जाते. मोठ्या कणाला त्याच्या वजनामुळे हे वळण घेता येत नाही. तो सरळ जाऊन धाग्यावर आदळतो. मधल्या आकाराचे कण हवेबरोबर वळतात, पण धाग्याला अगदी खेटून जाताना त्याला चिकटतात. सगळ्यांत बारीक कणांना हवेचे रेणूच चहूबाजूंनी धक्के देत असतात. या थरथरीचं गणित आइनस्टाइनने १९०५ मध्ये मांडलं. त्या भटकंतीत ते कधी ना कधी धाग्यापाशी पोचतातच. यातून एक नवल निघतं: पकडायला सर्वांत अवघड कण सर्वांत लहान नसतात. मायक्रॉनच्या काही दशांशांचे, वळण चुकण्याइतके जडही नाहीत आणि भटकण्याइतके हलकेही नाहीत असे मधलेच कण निसटतात. सुदैवाने इंजिनाची झीज करणारे कण त्यांच्याहून खूप मोठे असतात.

नुसतं आदळून मात्र भागत नाही. कोरड्या धाग्यावर आपटलेला कडक कण उडून पुन्हा हवेत जाऊ शकतो. इथे तेलाचं काम सुरू होतं. धाग्यावरचा पातळ थर कणाला धरून ठेवतो. एवढंच नाही, तेल त्या कणावर चढतं, त्याला भिजवतं, आणि मग तो कणच पुढच्या कणाला पकडू लागतो. म्हणून थोडा मळलेला फिल्टर वाईट नसतो. बाहेरून ॲल्युमिनियमची जाळी धुळीखाली दिसेनाशी होऊ लागली की धुवायची वेळ आली असं समजावं. दर महिन्याला हौसेने धुण्यात तोटाच आहे. प्रत्येक वेळी सूत हाताळलं जातं आणि प्रत्येक वेळी चूक होण्याची एक संधी तयार होते.

तेलाने धूळ धरायची ही युक्ती तशी जुनी. जुन्या जीपला आणि ट्रॅक्टरला ‘ऑइल बाथ’ एअर क्लीनर असायचा. तळाशी तेलाची वाटी, हवा तिच्यावर आपटून वर वळायची आणि धूळ तेलात बसायची. महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी नांगरणीच्या दिवसांत त्या वाटीतला चिखल काढून नवं तेल भरलं आहे. तेल लावलेलं सूत प्रसिद्ध केलं ते कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावच्या के अँड एन या कंपनीने. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीची मुळं मोटरसायकलींच्या धंद्यात होती, आणि आसपासच्या वाळवंटात शर्यती व्हायच्या. फिल्टर तपासायची धूळही त्याच मुलखातली. ॲरिझोनातल्या सॉल्ट रिव्हर खोऱ्यात शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरमागे उडून खाली बसलेली धूळ गोळा करून ती प्रयोगशाळेत वापरत. आजही ‘ॲरिझोना डस्ट’ हेच या चाचण्यांचं माप आहे.

एवढ्याशा धुळीला एवढं महत्त्व का? हिशेब करून पाहू. आपल्या देशात हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. लिटरला १५ किलोमीटर धावणारी गाडी १०,००० किलोमीटरमध्ये सुमारे ६,००० घनमीटर हवा ओढते. म्हणजे हवा मर्यादेत असेल तर धूळ भरते अर्धा ग्रॅम आणि वर थोडी. पण डंपरच्या मागे कच्च्या रस्त्यावर, खडी क्रशरच्या शेजारी हे प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, आणि १० मायक्रॉनहून मोठे कण त्या मर्यादेत धरलेलेच नाहीत. वाळूतलं क्वार्ट्झ कडकपणाच्या मोस मापावर ७, दख्खनच्या काळ्या पाषाणातलं फेल्डस्पार ६ च्या आसपास. बिडाचा सिलिंडर त्याहून मऊ. पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामधल्या तेलाच्या थरात असा कण शिरला की तो प्रत्येक फेऱ्यात खरवडत राहतो. वापरलेल्या इंजिन ऑइलच्या तपासणीत सिलिकॉन वाढलेलं दिसलं की जाणकार आधी एअर फिल्टरकडे बघतात ते यामुळेच.

आता धुण्याकडे वळू. धूळ कशी अडते हे समजल्यावर धुण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. फिल्टर हलकेच झटकायचा, त्याचाच क्लीनर दोन्ही बाजूंनी मारायचा आणि दहाएक मिनिटं थांबायचं. पण क्लीनर फिल्टरवरच वाळू द्यायचा नाही. मग नळाच्या संथ धारेखाली आतून बाहेर धुवायचं. धूळ बाहेरच्या अंगाला बसलेली असते. बाहेरून पाणी मारलं तर तीच सुतात खोल जाते. पेट्रोल किंवा सोड्याचं पाणी वापरू नये. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर हाताशी असतो, पण ओल्या गॉझवर हवा मारली तर धागे सरकतात, फाटतात, आणि तिथे जी वाट पडते ती डोळ्यांना दिसतही नाही. हेअर ड्रायरही नको. तापून सूत आटतं. सावलीत उभा ठेवून आपोआप वाळू द्यावा. जुलैत कोकणात याला अख्खा दिवस लागेल, कदाचित जास्तही. लागू द्या, कारण जिथे पाणी आहे तिथे तेल शिरत नाही.

वाळलेला फिल्टर फिकट दिसतो. तेलाला लाल रंग देण्याचं कारण इथे कळतं: सूत पांढरं, तेल लाल, म्हणजे कुठे पोचलं आणि कुठे नाही हे डोळ्यांनी दिसतं. प्रत्येक चुणीच्या माथ्यावरून तेलाची एकच बारीक रेघ ओढायची. वीस मिनिटांत ते सुतातून आपोआप पसरतं. मग फिकट ठिपके शोधून तेवढ्याच ठिकाणी थेंब द्यायचे. तेल निथळताना दिसलं तर ते जास्त झालं आहे; टिपून घ्यावं.

जास्त झालेलं तेल कुठे जातं हा या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग. बऱ्याच गाड्यांत फिल्टरच्या पुढे एक तापलेली तार किंवा पापुद्रा असतो, तो म्हणजे एअरफ्लो सेन्सर. बशीतल्या चहावर जितकी जोरात फुंकर, तितका तो लवकर निवतो. तसंच वाहती हवा तारेला निववते, आणि तिला ठरलेल्या तापमानावर ठेवायला किती वीज लागली यावरून किती हवा आत आली हे इंजिनाच्या संगणकाला कळतं. बॉशच्या जुन्या एलएच-जेट्रॉनिक प्रणालीत ही तार प्लॅटिनमची आणि फक्त ७० मायक्रॉन जाडीची होती. गाडी बंद केल्यावर ती क्षणभर १,००० अंशांपर्यंत तापवत, म्हणजे तिच्यावरची घाण जळून जाई. आजच्या सेन्सरवर तेलाचा थर बसला, त्यावर धूळ चिकटली, की त्याला हवा कमी भासते, संगणक पेट्रोल कमी सोडतो, पिकअप अडखळतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. काही छोट्या पेट्रोल गाड्यांत याऐवजी दाब मोजणारा सेन्सर असतो. त्यांना हा धोका कमी. काही फिल्टर मुळातच कोरड्या कृत्रिम धाग्यांचे असतात. त्यांना तेल कधीच लावायचं नाही.

मायलेज वाढेल या आशेने हे सगळं करत असाल तर थांबा. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये दाखवून दिलं की आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर तुंबला तरी मायलेज फारसं घसरत नाही. घसरतो तो वेग घेण्याचा जोर. संगणक हवा मोजून तेवढंच पेट्रोल देतो. बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर बऱ्याचदा सुतापेक्षा सरस ठरतो, हेही मान्य करायला हवं. सूत हवेला मोकळी वाट देतं आणि वर्षानुवर्षं धुऊन वापरता येतं. हा सौदा पटला तरच घ्यावा.

आणि पावसाळ्याआधी फिल्टर जमिनीपासून किती उंच आहे ते वाकून बघा. बंपरमागे खाली बसवलेला फिल्टर तुंबलेल्या रस्त्यावर पाण्यात बुडला तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा रस्त्यावरून गाडी घालूच नका, किंवा पावसाळ्याचे चार महिने कंपनीचा डबा पुन्हा बसवा.

फिल्टर बसवून काही दिवस गाडी चालवली की क्लॅम्प सैल करा आणि फिल्टरच्या पुढच्या पाइपमधून एक पांढरं फडकं फिरवा. ते स्वच्छ निघायला हवं. धूळ लागली तर आधी क्लॅम्प आणि रबराची बैठक तपासा, मग गॉझ उजेडात धरून पाहा. फाटलेलं गॉझ शिवून किंवा चिकटवून वापरू नका, नवा फिल्टर घ्या.