ऐकणाऱ्यांचा अभ्यास

उज्जयिनीत विक्रम विद्यापीठाची स्थापना 1957 साली झाली. शिंदेशाहीपासून त्या नगरीत नांदत आलेल्या मराठी घरांतून आज एक प्रश्न ऐकू येतो : समाजशास्त्र आणि प्रसारमाध्यमे हे विषय घेऊन मुले पुढे काय करणार? बातमीदाराला समाजशास्त्र कशाला हवे, आणि समाजशास्त्रज्ञाला आकाशवाणीशी काय कर्तव्य? याचे उत्तर त्याच सुमारास मराठी मुलखात झालेल्या एका प्रयोगात सापडते.

डिसेंबर 1956 ते फेब्रुवारी 1957 या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, युनेस्कोच्या साहाय्याने, पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवर वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत, आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे या योजनेचे सूत्र होते.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. पाहणीचे प्रमुख होते पॉल न्यूराथ हे समाजशास्त्रज्ञ. त्यांनी तीन प्रकारची गावे निवडली : श्रोतृमंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली, आणि रेडिओही नसलेली. प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर गावकऱ्यांना प्रश्न विचारण्यात आले. केवळ मंडळांचीच गावे पाहिली असती, तर वाढलेले ज्ञान रेडिओमुळे वाढले की गावात आलेल्या एखाद्या अधिकाऱ्यामुळे, हे कसे कळणार? तुलनेसाठी इतर गावे हवीत, ती यासाठीच.

मंडळांच्या गावांत लोकांच्या ज्ञानात ठळक भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र ती अल्प होती. आकाशवाणी तीच होती; फरक होता तो एकत्र बसून बोलण्याचा. नुसत्या माध्यमाचा अभ्यासक यशाचे श्रेय कदाचित वक्त्याच्या वाणीला देईल. समाजशास्त्र शिकलेला मनुष्य विचारील, कोणी कोणाबरोबर ऐकले? नंतर कोण बोलले, आणि कोण गप्प राहिले?

माळव्यातही असे प्रश्न विचारण्याजोगी उदाहरणे आहेत. आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावरील नंदाजी आणि भेराजी ही जोडी शेतकऱ्यांशी माळवी बोलीत गप्पा मारी, आणि ती घरोघरी परिचित झाली. शेतीची माहिती सरकारी पत्रकातही असते. मग आपल्या बोलीतील दोन परिचित आवाजांनी काय अधिक साधले? हा विद्यार्थ्याने तपासून पाहावा असा विषय आहे.

आता तर प्रत्येकाच्या हाती फोन आहे. मनुष्य बहुधा एकटाच ऐकतो, पण आलेला संदेश पुढे दहाजणांना धाडतो. तो खरा मानावयाचा की नाही, हे पुष्कळदा मजकुरापेक्षा धाडणाऱ्याच्या नात्यावरून ठरते. उज्जयिनीत हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. तेथे सिंहस्थ भरतो. मागचा 2016 साली झाला, पुढचा 2028 साली यावयाचा आहे. क्षिप्रेच्या घाटांवर नाना भाषांचे यात्रेकरू दाटीवाटीने उभे असताना ध्वनिक्षेपकावरील सूचना आधी पोचते की अफवा, यावर माणसांचे प्राण अवलंबून असू शकतात.

म्हणून विद्यार्थ्याने एखादी सार्वजनिक सूचना निवडावी आणि एका मोहल्ल्यात घरोघर जाऊन विचारावे : ती आपणांस कळली काय? कोणाकडून? विश्वास बसला काय? वृद्ध, स्त्रिया, मजूर, परभाषी भाडेकरू यांना वगळू नये. सूचना ज्यांच्यापर्यंत पोचलीच नाही, त्यांची नोंद विशेष काळजीने करावी. ती कोठे अडली, हे त्यांच्याकडूनच कळते.

मुले पुढे काय करणार, या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. रोगाच्या साथीत, पुरात वा यात्रेत, सांगितलेली गोष्ट लोकांपर्यंत खरोखर पोचली की नाही हे तपासून सांगणारा मनुष्य वृत्तपत्राला, आरोग्य खात्याला आणि नगरपालिकेलाही लागतो. या दोन विषयांच्या अभ्यासातून तो घडावा, अशी अपेक्षा आहे.